कन्येचा प्रोजेक्ट आणि समोरचा

६ जुलै, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठमोठे बिझनेसमन लिहितात म्हणे. उद्या कोणाला माझ्यावर काही लिहावंसं वाटलं तर मटेरियल तयार हवं. तोपर्यंत वाचायची परवानगी कोणालाही नाही. हिला तर नाहीच नाही.

कन्या नववीत. शाळेत यंदा नवीन वर्ग निघालाय, 'व्यवसाय आणि तंत्रज्ञान'. दर शनिवारी, ज्याला हवं त्याने यावं. कन्येने नाव घातलं, मला न विचारता. रक्तातच धंदा आहे म्हटल्यावर विचारायचं काय! ही म्हणाली, रक्तात असता तर वर्गाला कशाला गेली असती. उत्तर दिलं नाही. वेळ आली की देईन.

दुकान: एक गिऱ्हाईक आलं. सॅक बघितली, चेन उघडून-मिटून बघितली, गेलं. नक्की कधी गेलं ते कळलं नाही, कारण त्याच वेळी समोरचा दारावर नवा बोर्ड लावत होता. 'ऑनलाइनही मिळेल.' काय मिळेल? बॅगच ना? मग दारातून नेली तर काय बिघडतं?

समोरच्याची नोंद इथे एकदाच करून ठेवतो. रस्त्यापलीकडे त्याचंही बॅगांचंच दुकान. माझ्या कितीतरी नंतर उघडलेलं. माल तोच, घाऊकवाला तोच, फुटपाथची रुंदीसुद्धा तीच. वय माझ्यापेक्षा थोडंसंच कमी, तरी मला काका म्हणतो. मला त्याचा मत्सर वगैरे अजिबात वाटत नाही. फक्त लक्ष ठेवतो.

११ जुलै, शनिवार

कन्येचा पहिला वर्ग झाला. आल्या आल्या जेवता जेवता सुरू. बाई अशा, बाई तशा. बाई आधी कुठल्याशा कंपनीत होत्या. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं म्हणे, गिऱ्हाईक म्हणजे कोण. मी घास बाजूला ठेवून सांगितलं, जो सगळा माल खाली काढायला लावतो आणि 'येतो जाऊन' म्हणतो तो. कन्या म्हणाली, बाबा, ज्याची काहीतरी अडचण असते तो. मी म्हटलं, अडचण तर मलाही आहे. मी कोणाचं गिऱ्हाईक?

ही हसली. उगाच.

मुख्य बातमी: प्रोजेक्ट. प्रत्येकाने एक खरा व्यवसाय निवडायचा. शाळा सुटल्यावर तिथे जाऊन बसायचं, बघायचं. महिनाभर. त्यातली एक अडचण शोधायची, तिच्यावर उपाय सुचवायचा. शक्यतो तंत्रज्ञान वापरून. शेवटी शाळेच्या हॉलमध्ये पालकांसमोर सादर करायचं.

चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. पण मनातल्या मनात लेक्चर रचायला घेतलंय. भाग एक, धंद्याची मुहूर्तमेढ. भाग दोन, संकटं. भाग तीन, यश. तिसऱ्या भागाला अजून मुद्दे सुचायचेत.

१२ जुलै, रविवार

दुकान साफ केलं. कन्येला बसायला स्टूल हवं, म्हणून लंगड्या स्टुलाचा पाय बसवला. पोटमाळ्यावरचा माल खाली काढून पुसला. बिनचाकांच्या सुटकेसी निघाल्या. हिने विचारलं, हे अजून आहे? मी म्हटलं, चाकांची फॅशन आज आहे, उद्या नसेल. माणसाला हात दिलेत ते कशाला? ही म्हणाली, डोक्याला लावायला. आणि निघून गेली.

उद्या कन्या सांगेलच. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय.

१३ जुलै, सोमवार

समोर.

कन्येने समोरचं दुकान निवडलं.

दोनदा विचारून खात्री केली. समोर म्हणजे समोरच. मी अगदी शांतपणे म्हटलं, स्वतःच्या बापाचं दुकान असताना? ती म्हणाली, तिथून सगळं नीट दिसतं. मी म्हटलं, काय दिसतं? दिवे जास्त लावतो म्हणून दिसतं. विजेच्या दिव्याखाली टोपलीसुद्धा परदेशी वाटते. ती म्हणाली, बाबा, चिडू नका ना. मी चिडलो नव्हतो. आवाज आपोआप मोठा झाला, माझ्या आवाजाची ठेवणच तशी आहे.

निर्धार: दुर्लक्ष करायचं. उद्यापासून समोर बघायचंच नाही.

१५ जुलै, बुधवार, संध्याकाळ

कन्या तिथे बसली. नोंदी घेतल्या. फक्त अभ्यास म्हणून.

आली तेव्हा समोरच्याने उठून खुर्ची दिली. मला कधी कोणी उठून खुर्ची दिलेली नाही. मग चहा आला. घरी चहाचा वास आला तरी नाक मुरडते, तिथे प्यायली. मग तो काहीतरी म्हणाला आणि ती हसली. मान मागे टाकून. काय म्हणाला असेल? माझ्यावरच असणार.

मधे एक बाई ऑफिसची पर्स बघायला आल्या होत्या. 'अहो' म्हणाल्या बहुतेक. मी वळलो तोवर रस्ता ओलांडून समोर पोचल्या होत्या. हल्ली लोकांना दम म्हणून नाही.

१८ जुलै, शनिवार

विचाराअंती ठरवलं: आपणही टेक्नॉलॉजी. कन्येला दाखवून देतो बाप काय चीज आहे.

मोबाइलवर दुकानाचं पान उघडलं. एकट्याने. पासवर्ड लक्षात राहावा म्हणून काउंटरवर खडूने लिहून ठेवला. सर्वात भारी चामड्याच्या बॅगेचा फोटो टाकला. फोटोत माझा अंगठा आलाय, पण त्यामुळे बॅगेच्या आकाराचा अंदाज येतो. खाली लिहिलं, 'त्वरा करा.'

पहिला लाइक हिचा. न बघताच दिला असावा.

दुसरा समोरच्याचा. वर कमेंट: 'काका, मस्त!' ही सहानुभूती आहे की डिवचणं? दिवसभर विचार केला. डिवचणंच.

२१ जुलै, मंगळवार

एकाने पानावर मेसेज करून विचारलं, हा अंगठा कुठे मिळेल. पान बंद केलं. टेक्नॉलॉजी वाईट नाही, वापरणारे वाईट.

२३ जुलै, गुरुवार

शाळेत पालकसभा. बाईंना भेटलो. साध्या आहेत, बोलायला गोड. मी सहज विषय काढला. म्हटलं, पुस्तकी ज्ञान ठीक आहे, पण मुलांना प्रत्यक्ष बाजारातला माणूस ऐकायला मिळाला पाहिजे. अनुभवी. स्वतःचं दुकान असलेला. माझ्यासारखा, असं म्हणालो नाही, पण शर्टाची बाही नीट केली.

बाई एकदम खूश. म्हणाल्या, अगदी माझ्या मनातलं बोललात! या शनिवारी बोलावलंच आहे एकांना. बॅगांचं दुकान आहे त्यांचं.

क्षणभर वाटलं मलाच.

घरी येईपर्यंत हिने चार वेळा विचारलं, काय झालं. डोकं दुखतंय म्हटलं. खरंच दुखत होतं. मत्सराने नव्हे. हॉलमध्ये पंखा बरोबर डोक्यावर होता.

२५ जुलै, शनिवार

समोरच्याचं भाषण झालं. कन्या घरी येऊन अर्धा तास तेच सांगत होती. मी पेपर वाचत होतो. पेपर उलटा आहे हे हिने सांगितलं.

भाषणात म्हणाला म्हणे, दुकान टाकलं तेव्हा मला काही कळत नव्हतं, समोरच्या काकांचं बघून बघून शिकलो. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

म्हणजे चोरी केली, आणि भर वर्गात कबूल केली, आणि वर टाळ्या! असं भाषण मी केलं असतं तर सांगितलं असतं, मी कोणाचंही बघून शिकलो नाही. मी काही शिकलेलोच नाही. हे लिहिताना जरा वेगळं वाटतंय, पण अर्थ बरोबर आहे.

२८ जुलै, मंगळवार

कन्या हल्ली विचित्र प्रश्न विचारते. आज: बाबा, तुमची खुर्ची दाराकडे तोंड करून का असते? मी म्हटलं, दुकानदाराने सावध असावं. ती म्हणाली, आणि गिऱ्हाईक आत आलेलं असताना? मी म्हटलं, तेव्हा तर जास्तच सावध असावं. ती गप्प बसली. पटलेलं दिसतं.

हळूहळू ओढा इकडे वळतोय. महिना संपायच्या आत स्टुलावर येऊन बसेल. लेक्चरचा तिसरा भाग पूर्ण करायला हवा.

३० जुलै, गुरुवार

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

दुपारी समोर बरीच गडबड. टेम्पोतून माल उतरत होता. कन्या खोकी उघडायला मदत करत होती. माझ्या दुकानात खोकं उचल म्हटलं तर तिची कंबर धरते. मी नीट बघता यावं म्हणून काउंटरवर कोपर टेकून उभा होतो. इतक्यात बघतो तर कन्या खोकं टाकून रस्ता ओलांडत इकडेच येतेय. मला वाटलं, आली! लेक आली शेवटी!

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. थेट मागे गेली. मागे एक नवरा-बायको दोन मुलांना घेऊन उभे होते. कधीपासून, देव जाणे. कन्येने त्यांना काय हवंय ते विचारलं, धाकट्याच्या पाठीला सॅक लावून पट्टे लहान केले, मोठीला आरशासमोर उभं केलं. दोन्ही सॅक गेल्या. वर ती माणसं मला थँक्यू म्हणून गेली. मी काय केलं होतं?

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी मान वळवली तर समोरचा दारात उभा राहून हे सगळं बघत होता. हसत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, जा आता, तुझे मालक वाट बघतायत. तू तिकडचीच.

ती समोर गेली, दप्तर घेतलं, घरी गेली.

१ ऑगस्ट, शनिवार

कन्या बोलत नाही. ही बोलते, ते न बोलली तर बरं.

निर्धार: आज सॉरी म्हणायचं. सकाळी तिला वर्गाची घाई होती. दुपारी ती झोपली होती. संध्याकाळी मैत्रीण आली होती. मैत्रीण गेली तेव्हा मलाच शिंका यायला लागल्या. शिंकत शिंकत माफी मागणं बरं दिसत नाही. उद्या.

३ ऑगस्ट, सोमवार

काल जमलं नाही. आज तिच्या आवडीची निळी स्लिंग बॅग, जी विकायची नाही म्हणून आत ठेवली होती, तिच्या टेबलावर ठेवली. चिठ्ठीबिठ्ठी नाही. समजणाऱ्याला समजतं.

संध्याकाळी कन्या म्हणाली, बाबा, हिच्या चेनचा रनर खराब आहे. मी बघितला. खरंच खराब होता. तिथल्या तिथे नवा बसवून दिला. ती शेजारी उभी राहून बघत होती. म्हणाली, हे समोरच्या काकांना येत नाही.

त्यालाही काका म्हणते, हे आजच कळलं. पण वाक्य चांगलं होतं. जेवण नीट गेलं.

७ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या प्रोजेक्ट सादर होणार. सगळ्या पालकांना आमंत्रण. मी म्हटलं, मी कशाला, समोरच्यालाच घेऊन जा. कन्या म्हणाली, त्यांना सांगितलंय, पण तुम्ही यायलाच हवं. यायलाच, असं म्हणाली. जोर देऊन.

म्हणजे काहीतरी आहे. ही म्हणते, फार अपेक्षा ठेवून जाऊ नका. हिचा स्वभावच तसा.

८ ऑगस्ट, शनिवार

हॉल भरलेला. इस्त्रीचा शर्ट. पुढच्या रांगेत बसलो. समोरचा आला आणि नेमका माझ्या शेजारची खुर्ची धरली. म्हणाला, काका, टेन्शन आलंय हो. मी म्हटलं, तुम्हाला कसलं टेन्शन. तुमचंच कौतुक आहे.

एका मुलाने सलूनच्या रांगेसाठी ॲप केलं होतं. मोबाइलवर कळतं, आपला नंबर कधी. सलूनवाला स्वतः आला होता, टाळ्या वाजवून हात दुखले त्याचे. एका मुलीने शिंप्यासाठी मेसेजची सोय केली होती, कपडे शिवून तयार झाले की आपोआप कळतं. शिंपी आला नव्हता. कपडे तयार नसावेत.

मग कन्या. पडद्यावर पहिला फोटो: माझं दुकान!

मला दरदरून घाम. आनंदाचा. शेजारी बघितलं. समोरच्याचं दुकान नव्हे, माझं! फोटो पलीकडच्या फुटपाथवरून काढलेला. मी खुर्चीत बसलोय, थेट कॅमेऱ्यात बघतोय. रुबाबदार.

दुसरा फोटो. माझ्यामागे एक बाई पर्स हातात घेऊन उभ्या. मी कॅमेऱ्यात बघतोय.

तिसरा. बाई निघाल्यात. मी कॅमेऱ्यात बघतोय.

चौथा, पाचवा. माणसं बदलतायत. मी तोच. मुलं हसायला लागली. मग पालकही. कन्या हसली नाही. ती म्हणाली, ही दोन्ही दुकानं एकाच मालाची आहेत. उलट या दुकानातल्या दुकानदाराला जास्त येतं. चामडं हाताने ओळखतात. कुठलीही चेन दुरुस्त करतात. ते माझे बाबा आहेत. त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक येत नाही असं नाही. येतं, उभं राहतं, आणि जातं. कारण बाबा समोर बघत असतात. मी समोर बसले म्हणून मला हे दिसलं. बाबांच्या दुकानात बसले असते तर मीही बाबांबरोबर समोरच बघत बसले असते.

बाईंनी विचारलं, मग उपाय? यात तंत्रज्ञान कुठलं वापरणार?

कन्या म्हणाली, काहीच नाही. खुर्ची फिरवायची.

पुन्हा हशा. शिपायासकट.

समोरचा माझ्या कानाशी वाकून म्हणाला, काका, मला इतकी वर्षं वाटायचं तुम्ही माझ्यावर लक्ष ठेवून आहात. तुमच्या धाकाने मी एक दिवस उशिरा दुकान उघडलं नाही. चांगलं झालं माझं.

मी पडद्यावर बघत बसलो. पडद्यावरून मी माझ्याकडे बघत होतो.

नंबर लागले. पहिला सलून. दुसरा शिंपी. कन्येला काही नाही. तंत्रज्ञानाचे मार्क गेले म्हणे.

आता मला राग आला. खरा. सरळ बाईंकडे गेलो. म्हटलं, खुर्ची हे तंत्रज्ञान नाही का? कोणीतरी शोध लावल्याशिवाय आली का ती? बाई हसल्या. म्हणाल्या, तुमच्या मुलीचं निरीक्षण वर्गात सर्वात चांगलं होतं, पण मार्कांचे रकाने आधी ठरलेले असतात. मी म्हटलं, मग रकाने फिरवा! आवाज मोठा झाला. ठेवणच तशी आहे. हिने मला दंडाला धरून बाहेर काढलं.

घरी येताना कन्येने विचारलं, बाबा, राग आला? मी म्हटलं, छे. फोटोत पोट जरा पुढे दिसतंय, एवढंच. ती माझा हात धरून चालत होती. बऱ्याच वर्षांनी. समोरचा आमच्यापुढे एकटाच चालला होता. त्याने मागे वळून बघावं असं फार वाटत होतं.

९ ऑगस्ट, रविवार

खुर्ची फिरवणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. नववीतल्या मुलीच्या सांगण्यावरून अनुभवी माणसाने फर्निचर हलवायचं म्हणजे उद्या छप्पर काढायला सांगतील.

१० ऑगस्ट, सोमवार

खुर्ची फिरवली. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. डोळ्यांवर ऊन येत होतं.

चमत्कार! सकाळपासून माणसं. एक कॉलेजचा मुलगा लॅपटॉप बॅग घेऊन गेला. एक जोडपं ट्रॉली घेऊन गेलं. एका आजींनी बिनचाकांची सुटकेस घेतली, कपाटावर ठेवायला. ही जेवणाचा डबा घेऊन आली तर डबा ठेवायला काउंटरवर जागा नव्हती. हिला शब्द सुचले नाहीत, असा हा पहिला प्रसंग.

समोर एकदाही बघितलं नाही. बिचाऱ्याकडे आज शुकशुकाट असणार. वाईट वाटतं. थोडंसं.

११ ऑगस्ट, मंगळवार

आजही तेच. चहा प्यायला सवड नाही. कन्येला म्हटलं, तुझ्या कल्पनेत तथ्य आहे, पण खरा फरक माझ्या बोलण्याचा. ती म्हणाली, हो बाबा. बाईंना भेटून पहिला नंबर परत मागायचा विचार आहे. समोरच्याला चार गोष्टी समजावून सांगायचाही विचार आहे. मी मोठ्या मनाचा माणूस आहे. त्याला हवं तर आठवड्यातून एक तास देईन.

१२ ऑगस्ट, बुधवार

सकाळी एक गृहस्थ ऑफिसची बॅग बघता बघता म्हणाले, समोरचे उद्या उघडणार ना हो? मी म्हटलं, समोरचे कोण? ते म्हणाले, बॅगवाले. सोमवारपासून शटर खाली आहे, भावाच्या लग्नाला गेलेत. गुरुवारी उघडेल, तोवर गरज असेल तर समोर काकांकडे जा, असं लिहून गेलेत दारावर. म्हणून तर आलो.

त्यांना बॅग बांधून दिली. मग खुर्चीतून उठून तीन दिवसांत पहिल्यांदा समोर बघितलं. शटर खाली होतं.

दुपारी कन्या शाळेतून आली. त्या शटरवरूनच येते, दुसरा रस्ता नाही. म्हणजे रोजच बघत असणार. दुकानात दोघं-तिघं उभे होते. तिने दप्तर ठेवलं, फडकं घेतलं आणि ट्रॉल्या पुसायला लागली. शटरचं काही बोलली नाही. मीही काढलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, बाबा, खुर्ची अशीच राहू दे हं.

मी म्हटलं, बघू.

खुर्ची अजून तशीच आहे. उद्या गुरुवार.